मराठी मजकुराचे संकेतन-रूपांतर : स्वरूप, तंत्र आणि धोके

बीजसंज्ञा : संकेतन, युनिकोड, इस्की, यूटीएफ-८, फॉन्ट, पायथन

प्रास्ताविक :

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतील, मुसळधार पावसाचा आणि धरणाचा तालुका म्हणून परिचित आहे. याच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी उभी राहिली. तेथील संगणकांवर जगातील अनेक लिप्यांतील मजकूर रोज हाताळला जातो. परंतु महाराष्ट्रातील शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महाविद्यालये यांच्या संगणकांत १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत जो मराठी मजकूर टंकलिखित झाला, तो आज उघडला असता वाचता येईलच, अशी शाश्वती देता येत नाही. फाइल शाबूत असते, तिचा आकारही कमी झालेला नसतो. पडद्यावर मात्र रोमन अक्षरे, चलनाची चिन्हे आणि रिकाम्या चौकटी यांची गर्दी दिसते.

ही अडचण ‘फॉन्टची अडचण’ या नावाने ओळखली जाते आणि ती सोडविण्याचे काम बहुधा कार्यालयातील संगणक-चालकावर सोपविले जाते. वस्तुतः तिचे स्वरूप भाषिक आहे. साठविलेल्या अंकांचा अर्थ कोणत्या संकेतानुसार लावायचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी असतो आणि त्याचे उत्तर यंत्र स्वतःहून देऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन ‘पायथन’ या संगणकभाषेच्या आधारे केले आहे. ही भाषा आज पदवी स्तरावरील अनेक अभ्यासक्रमांत शिकविली जाते, आणि मजकूर व बाइट यांतील भेद ती जितक्या काटेकोरपणे पाळते तितका सर्वच भाषा पाळत नाहीत. मात्र लेखाचा विषय केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरता नाही. इतिहासाच्या अध्यापकाचे १९९८ मधील टिपण आणि परीक्षा विभागातील विद्यार्थ्यांची नामावली या दोहोंना तो सारखाच लागू पडतो.

संकेतांक आणि बाइट :

संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, अंक असतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एकच अंक मावतो. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या मानकाने त्यांतील ० ते १२७ या १२८ जागा रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि नियंत्रणचिन्हे यांना दिल्या. उरलेल्या वरच्या जागा निरनिराळ्या देशांनी आपापल्या गरजेप्रमाणे भरल्या. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या आयएस १३१९४ या मानकाने, म्हणजेच ‘इस्की’ने, त्या जागांवर भारतीय लिप्यांतील वर्ण बसविले. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान याच विचारावर उभे होते. त्यात वर्ण साठविण्याची एक पद्धत होती आणि त्याचे दृश्य रूप घडविण्याची दुसरी. या दोहोंत गल्लत नव्हती. पुढे जे घडले ते पाहता हा विवेक फार मोलाचा होता, असे म्हणावे लागते.

युनिकोडने १९९१ मधील आपल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ ही १२८ संकेतांकांची पट्टी राखून ठेवली. तिची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर आधारलेली आहे. ‘मुळशी’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच संकेतांकांचा होतो : म २३५०, उकार २३६९, ळ २३५५, श २३५८ आणि दीर्घ वेलांटी २३६८. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मु, ळ, शी अशी तीनच अक्षरे दिसतात. पायथनला या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर पाच येते. येथे यंत्राची चूक नसते. ते अक्षरे मोजत नसून संकेतांक मोजत असते.

२३५० हा अंक एका बाइटमध्ये मावत नाही. तो बाइटमध्ये कसा बसवायचा, हे ठरविणे म्हणजे संकेतन. आज सर्वत्र रूढ झालेले यूटीएफ-८ हे संकेतन केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचले. त्यात रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरी पट्टीतील प्रत्येक संकेतांकाला तीन लागतात. ‘म’ची नोंद २२४, १६४, १७४ अशी होते. परिणामी ‘मुळशी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट व्यापतो, यूटीएफ-१६ मध्ये दहा आणि इस्कीमध्ये अवघे पाच. शब्द एकच असून त्याचे तीन निरनिराळे साठे होतात, आणि आपण कोणत्या संकेतानुसार लिहिले गेलो आहोत हे त्यांतील कोणत्याही साठ्यावर लिहिलेले नसते.

या हिशेबाचे व्यावहारिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. विद्यार्थ्याच्या नावासाठी एखाद्या विदागारात वीस बाइटांची जागा ठेवली असेल, तर तीत देवनागरीचे सहा संकेतांक मावतात आणि सातव्याचे दोन बाइट अधांतरी राहतात. दहा-बारा वर्णांचे आडनाव असलेल्या विद्यार्थ्याचे नाव मध्येच तुटते व त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह उमटते. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाची मर्यादा इंग्रजीत १६० वर्णांची असताना मराठीत ती ७० वर येते, त्याचे कारणही हेच; देवनागरीसाठी तेथे प्रत्येक संकेतांकाला दोन बाइट खर्च करावे लागतात.

रूपांतराच्या दोन पायऱ्या :

एका संकेतनातील मजकूर दुसऱ्या संकेतनात नेणे, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात असा थेट रस्ता नाही. प्रथम बाइटांचा अर्थ लावून त्यांचे संकेतांक बनवावे लागतात. पायथनमध्ये ही ‘डिकोड’ क्रिया होय. त्यानंतर ते संकेतांक नव्या पद्धतीने बाइटांत उतरवावे लागतात. ही ‘एन्कोड’ क्रिया होय. पहिली क्रिया वाचनाची, दुसरी लेखनाची. दोन्हींना संकेतनाचे नाव सांगावे लागते. दुसऱ्या क्रियेत ते नाव आपल्या निवडीचे असते. पहिल्या क्रियेत मात्र निवडीला वाव नाही; मजकूर ज्या संकेतनात लिहिला गेला, तेच नाव द्यावे लागते. रूपांतरातील बहुतेक अनर्थ या पहिल्या पायरीवर घडतात.

पायथनच्या दुसऱ्या पिढीत बाइटांची माळ आणि वर्णांची माळ परस्परांत मुकाट्याने मिसळत असत. इंग्रजी मजकूर असेपर्यंत त्यातून काहीच बिघडत नसे. पहिले देवनागरी नाव येताच आज्ञावली कोसळे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीने हे दोन प्रकार पूर्णपणे वेगळे केले. जुन्या आज्ञावल्या त्यामुळे मोठ्या प्रमाणावर मोडल्या आणि त्याबद्दल तक्रारीही झाल्या. परंतु रोमनेतर लिपीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तो बदल हिताचाच होता. दुसऱ्या पिढीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला.

रूपांतर करताना एखादा बाइट अथवा संकेतांक बसेनासा झाला तर काय करावे, हेही पायथनला सांगता येते. ‘स्ट्रिक्ट’ हा नेहमीचा पर्याय काम थांबवून चूक दाखवितो. ‘इग्नोर’ न बसणारा भाग गाळून पुढे जातो. ‘रिप्लेस’ त्या जागी खुणेचे चिन्ह ठेवतो. ‘मुळशी’ आस्कीमध्ये उतरवू पाहिल्यास पहिला पर्याय चूक कळवितो, दुसरा रिकामी माळ परत करतो आणि तिसरा पाच प्रश्नचिन्हे देतो. चूक दाखविणारा पर्याय नवख्यांना त्रासदायक वाटतो आणि ‘इग्नोर’ लिहिले की आज्ञावली निमूटपणे चालते, म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो हमखास आढळतो. इंग्रजी मजकुरात त्याने एखादे अवतरणचिन्ह गळते. मराठी मजकुरात सगळा मजकूरच गळू शकतो, आणि तरीही आज्ञावली ‘यशस्वी’ ठरते.

चुकीच्या सारणीने केलेले वाचन :

यूटीएफ-८ मधील मराठी मजकूर युरोपीय सारणीने वाचला, की एक ओळखीचे दृश्य दिसते. ‘म’चे तीन बाइट तीन स्वतंत्र अक्षरे म्हणून वाचले जातात : माथ्यावर आघातचिन्ह असलेले रोमन ‘ए’, चलनाचे गोल चिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाचे वर्तुळ. ‘शी’मधील वेलांटीचे बाइट २२४, १६५, १२८ असे असल्याने तिच्या जागी तेच आघातयुक्त ‘ए’, मग जपानी येन आणि त्यामागोमाग युरो अवतरतो. स्वल्पविरामांनी विभागलेली नामावलीची फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली असता हा देखावा अनेकांनी पाहिला असेल. फाइल बिघडलेली नसते. आपण यूटीएफ-८ मध्ये आहोत हे तिने एक्सेलला सांगितलेले नसते एवढेच. फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ ही तीन बाइटांची खूण ठेवल्यास वाचन सुधारते. पायथनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ या नावाने फाइल लिहिल्यास ही खूण आपोआप पडते.

खरे नुकसान होते ते हा चुकीचा वाचलेला मजकूर पुन्हा साठविल्यावर. ‘मुळशी’च्या पंधरा बाइटांचे पंधरा युरोपीय वर्ण होतात आणि ते यूटीएफ-८ मध्ये लिहिले की प्रत्येकी दोन, असे तीस बाइट भरतात. तीच चूक पुन्हा केल्यास साठ. ज्या नामावलीचा आकार कोणतीही नवी नोंद न होता दुप्पट झाला आहे, तिच्याकडे या दृष्टीने अवश्य पाहावे.

असा मजकूर सावरता येतो का? बहुधा येतो, पण त्याला एक अट आहे. चुकीचे वाचन ज्या सारणीने झाले त्याच सारणीत मजकूर उलट उतरवावा, म्हणजे मूळचे बाइट हाती येतात. मग ते यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. वाचन ‘लॅटिन-१’ या सारणीने झाले असेल तर काम निर्धोक होते, कारण पायथनमध्ये त्या सारणीच्या २५६ ही जागा भरलेल्या आहेत. विंडोजची १२५२ क्रमांकाची सारणी तिच्यासारखीच दिसते, परंतु तीत पाच जागा रिकाम्या आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. पायथन त्या रिकाम्याच मानते. इंग्रजी अथवा फ्रेंच लिहिणाऱ्याला या पाच जागांशी कधी कर्तव्य पडत नाही. मराठीचे तसे नाही. उकाराचा तिसरा बाइट १२९ आहे. व्यंजनाचा पाय मोडणाऱ्या हलन्त चिन्हाचा तिसरा बाइट १४१ आहे. ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७ आणि चंद्रबिंदूचा पुन्हा १२९. म्हणजे ‘मुळशी’ आणि ‘पुणे’ ही दोन्ही नावे या सारणीतून जाताना आपला उकार गमावतात, आणि ज्या शब्दात जोडाक्षर आहे असा प्रत्येक शब्द मोडतो. ‘पौड’ मात्र सुखरूप परत येते. त्यातील औकाराचा बाइट १४० आहे आणि ती जागा भरलेली आहे. एकाच नामावलीतील काही गावांची नावे सुधारावीत आणि काहींची सुधारू नयेत, याचे कारण अनेकदा शोधूनही सापडत नाही. ते येथे असते.

‘रिप्लेस’ पर्याय वापरला असेल तर हरवलेल्या बाइटाच्या जागी एक खूण राहते आणि काही तर्क करता येतो. २२४, १६५ या जोडीनंतरचा बाइट हरवला असेल, तर मराठीत तेथे व्यवहारतः उकार असेल किंवा हलन्त, क्वचित ॐ. यांपैकी कोणते, हे शब्द ओळखणारा माणूसच सांगू शकतो. ‘इग्नोर’ वापरला असेल तर खूणही राहत नाही.

इस्कीकडून युनिकोडकडे :

हे रूपांतर तुलनेने सोपे आहे, कारण दोन्हींकडे वर्णांचा क्रम उच्चारानुसारी आहे आणि दोन्हींची मांडणी एका घराण्यातील आहे. पायथनच्या मूळ संचात इस्कीचा समावेश नसल्याने सारणी आपली आपण लिहावी लागते, इतकेच. या सोपेपणातच एक सापळा आहे. इस्कीमध्ये क १७९ आहे, युनिकोडमध्ये २३२५, फरक २१४६. ‘म’ अनुक्रमे २०४ आणि २३५०. फरक पुन्हा २१४६. क ते म यांपैकी कोणतेही व्यंजन घेतले तरी फरक तोच येतो. तेव्हा प्रत्येक बाइटात २१४६ मिळविले की झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. या नियमाने ‘मुळशी’चे रूपांतर केल्यास हाती येते ‘मिऴषा’. इस्कीने ‘य’ आणि ‘र’ यांच्यामध्ये नुक्तायुक्त ‘य़’ ठेवला होता. युनिकोडने तो पट्टीच्या शेवटाकडे हलविला. म्हणून ‘र’पासून फरक २१४५ होतो, आणि स्वरचिन्हांपाशी तो २१४८ वर जातो. सारणी टाळून सूत्र शोधण्याची सवय गणितात शोभते. लिपीच्या बाबतीत ती अंगाशी येते.

याखेरीज, इस्कीत लागोपाठ दोन हलन्त आले की त्याचा अर्थ ‘जोडाक्षर न करता पाय मोडलेला दाखवा’ असा होतो आणि हलन्तानंतर नुक्ता आला की ‘अर्धे रूप दाखवा’ असा. युनिकोडमध्ये यांसाठी अदृश्य जोडचिन्हे योजावी लागतात. एकास एक सारणी येथे पुरत नाही. पुढचा बाइट पाहूनच आधीच्याचा अर्थ ठरतो.

फॉन्ट म्हणजे संकेतन नव्हे :

आतापर्यंत वर्णिलेली संकेतने काहीही झाले तरी मानके होती. महाराष्ट्रातील संगणकांवर प्रत्यक्ष राज्य केले ते फॉन्टनी. सी-डॅकची आयएसएम प्रणाली, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांनी मराठी मुद्रणव्यवहाराची मोठी सोय केली, हे निर्विवाद आहे. त्या काळच्या कार्यप्रणालींना देवनागरी ठाऊकच नव्हती. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी दाखविण्याची सोय आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉन्ट येईपर्यंत दुसरा व्यवहार्य मार्गही नव्हता.

या फॉन्टमध्ये एक चातुर्य होते. फाइलमध्ये साठत असे रोमन अथवा युरोपीय अक्षराचा अंक, आणि फॉन्ट त्या अंकाच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा रेखाटत असे. साठविले जात होते ते आकार, वर्ण नव्हेत. सुमारे दोनशे जागांत देवनागरीची सगळी जोडाक्षरे बसविणे अशक्य असल्याने अक्षरांचे तुकडे पाडण्यात आले. अनेक फॉन्टमध्ये ‘म’ म्हणजे अर्धा म आणि त्यापुढे उभा दंड. ‘मा’ म्हणजे अर्धा म, दंड आणि पुन्हा दंड. पहिला दंड अक्षर पुरे करतो, दुसरा काना होतो. अंक मात्र दोन्हींचा एकच. शिवाय कोणता तुकडा कोणत्या अंकावर, याविषयी संस्था-संस्थांत एकवाक्यता नव्हती, आणि एकाच संस्थेच्या दोन मालिकांतही जागा बदलत असत.

अशा मजकुराला ‘डिकोड’ करण्यासाठी पायथनकडे नाव नाही, आणि असणेही शक्य नाही. फाइल तांत्रिकदृष्ट्या अगदी निर्दोष युरोपीय मजकूर असते. ती मराठी आहे ही माहिती केवळ फॉन्टच्या नावात असते, आणि दस्तऐवज ‘साधा मजकूर’ म्हणून जतन केला की ते नावही जाते. इंग्रजी संदर्भग्रंथांची नावे असलेला शोधनिबंध अशा रीतीने जतन करून रूपांतरकात घातल्यास मराठी भाग नीट होतो आणि इंग्रजी नावांचे अगम्य देवनागरी तुकडे होतात. म्हणून रूपांतर मूळ दस्तऐवजावरच करावे आणि प्रत्येक तुकड्याला कोणता फॉन्ट लावला आहे हे पाहून करावे. याबाबत घाई केलेली आढळते, आणि तिची किंमत मुद्रितशोधकाला मोजावी लागते.

सारणी हाती आल्यावरही काम संपत नाही, कारण आकारांचा क्रम डोळ्यांचा असतो आणि युनिकोडचा क्रम उच्चाराचा. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या माथ्यावर, उच्चारला जातो त्याच्या आधी. ‘निर्मिती’ हा शब्द जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी, न, वेलांटी, म, रफार, त, दीर्घ वेलांटी असा साठतो. युनिकोडमध्ये तो न, वेलांटी, र, हलन्त, म, वेलांटी, त, दीर्घ वेलांटी असा हवा. वेलांटीला उजवीकडे एक अक्षर सरकवावे, असा नियम नवशिक्या आज्ञावलीत असतो आणि ‘निर्मिती’ त्यात उत्तीर्ण होते. ‘ताम्हिणी’ होत नाही. तेथे वेलांटी साठते अर्ध्या ‘म्’च्याही आधी आणि तिला ‘म्ह’ हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडून जायचे असते. एकच तुकडा ओलांडून ती थांबली तर ‘म्’ आणि ‘ह’ यांच्यामध्ये अडकते आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. म्हणून आधी तुकड्यांचे वर्ण बनवावेत, त्यातही लांब तुकडी आधी व आखूड नंतर बदलावी, म्हणजे दोन तुकड्यांचे एक अक्षर अर्धवट बदलले जात नाही. मग वेलांटी हलवावी आणि शेवटी रफार. रफाराला डावीकडे जाताना मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर या सर्वांवरून उडी घ्यावी लागते.

शेतकऱ्यांचा ‘ऱ’ :

मराठीत ‘र’ आणि ‘य’ यांचा संयोग दोन प्रकारे लिहिला जातो, आणि त्याने अर्थ बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र; ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ताम्हिणीच्या दऱ्यांचे वर्णन करणारा मजकूर सदोष रूपांतरकातून गेला, की घाटमाथ्यावर समुद्र येतो. हिंदीच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या रूपांतरकांत हा दोष राहून जाणे स्वाभाविक आहे. हिंदीला हा भेद लागत नाही.

युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, संकेतांक २३५३, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह. ही रीत मानकाच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी टिकली. दोन्हींचे दृश्य रूप एकच. युनिकोडची जी प्रमाणीकरण-प्रक्रिया आहे, तीही या दोन रीती एक मानत नाही. परिणामी एका रीतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. मुळशी सत्याग्रहाचे उदाहरण घेता येईल. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला हा लढा शेतकऱ्यांचा होता. त्याविषयीचा मजकूर दोन निरनिराळ्या रूपांतरकांतून एकत्र आणला, आणि अभ्यासकाने त्यात ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द शोधला, तर त्याला संग्रहाचा एकच भाग उत्तर देईल. उरलेल्या भागात हा शब्दच नाही, असा समज त्याच्या मनात राहील; यंत्र कोणतीही चूक दाखविणार नाही. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ आडनावाचा विद्यार्थी प्रवेशाच्या यादीत असतो आणि निकालाच्या यादीत सापडत नाही, तेव्हाही हेच घडलेले असू शकते.

यात आणखी एक भर पडते. मजकूर ‘स्वच्छ’ करण्याच्या हेतूने अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकण्याची पद्धत आहे. दुसऱ्या रीतीच्या मजकुरातून जोडचिन्ह काढले की उरतो र आणि हलन्त, आणि त्याचा होतो रफार. संकेतस्थळांवर ‘शेतकर्यांनी’ असे जे रूप दिसते, ते लिहिणाऱ्याच्या अशुद्धलेखनाचे फळ असेलच असे नाही. रूपांतराची आज्ञावली लिहिताना र, हलन्त, जोडचिन्ह या त्रयीच्या जागी आधी ‘ऱ’ व हलन्त ठेवावे आणि मगच इतर अदृश्य चिन्हांकडे वळावे. पायथनमध्ये हे एका ओळीचे काम आहे.

अशीच दुविधा ‘ॲ’ची आहे. या वर्णाला २४१८ हा संकेतांक युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी कोणी ‘अ’वर चंद्र देत असे, कोणी हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरीत असे. तिन्ही रूपे आजच्या मजकुरांत एकत्र नांदतात. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकलेला ‘दुःख’ हा शब्द तर इतका सार्वत्रिक आहे, की तो दोष म्हणून कोणाच्या नजरेसही येत नाही. शोधयंत्राला मात्र तो वेगळाच शब्द वाटतो.

तपासणीविषयी :

रूपांतर बरोबर झाले हे कसे ओळखावे? आज्ञावली चूक न दाखविता संपली, हा पुरावा नव्हे. नवा मजकूर उलट फिरवून मूळ बाइट जसेच्या तसे मिळतात का, ही कसोटी मानक संकेतनांना लागू पडते. फॉन्टमधील मजकुराला ती पुरेशी नाही, कारण तेथे एकच अक्षर दोन प्रकारे टंकलेले असू शकते. अशा वेळी ओळखीच्या नावांची एक छोटी यादी उपयोगी पडते. तालुक्यातील गावांची नावे याला फार सोयीची आहेत. ‘कोळवण’मध्ये ळ आणि ण, ‘हिंजवडी’त वेलांटीवरून जाणारा अनुस्वार, ‘ताम्हिणी’त जोडाक्षरावरील वेलांटी, ‘पिरंगूट’मध्ये दीर्घ उकार, त्यांच्या जोडीला ‘शेतकऱ्यांनी’, ‘निर्मिती’, ‘दुःख’ आणि एखादे ‘झ’चे नाव घातले, की बहुतेक दोष पहिल्याच फेरीत उघडे पडतात. त्यानंतर, उपलब्ध असल्यास, त्या काळी छापलेली कागदी प्रत घेऊन एखादे पान ओळीने ताडावे. यासाठी संगणकतज्ज्ञाची गरज नाही. मराठीच्या अध्यापकाची आहे.

मूळ फाइल रूपांतरानंतरही नष्ट करू नये. तिच्यासोबत फॉन्टचे नाव, मालिका, ज्या प्रणालीत ती लिहिली गेली तिची आवृत्ती आणि रूपांतराचा दिनांक यांची नोंद साध्या मजकुरात ठेवावी. शक्य असल्यास फॉन्टची फाइलही त्याच ठिकाणी जतन करावी. पाच-सहा ओळींची ही नोंद नसेल, तर पुढे सारणी तयार करणाऱ्याला छापील प्रत शेजारी ठेवून कोणता अंक म्हणजे कोणता तुकडा हे एकेक करून ठरवावे लागते. आणि छापील प्रतही नसेल, तर दोनशे अज्ञात आकारांपासून आरंभ करावा लागतो.